प्राण्यांचीं चित्रपुस्तकें आणि आपलीं मुलें

ज्या पुस्तकांत शंभर शब्दहि नसतात त्याचें परीक्षण करण्याची आपल्याकडे रीत नाहीं. कादंबरी, काव्यसंग्रह, चरित्र, प्रवासवर्णन ह्यांच्या चर्चेनें मासिकांचीं पानें भरतात. पण दोन-चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन जें पुस्तक उघडलें जातें, ज्यांतील वाघ-ससे तें मूल पुढें आयुष्यभर मनांत बाळगतें, त्याविषयीं टीकाकार सहसा लेखणी उचलीत नाहींत. तीं पुस्तकें वाढदिवसाला भेट म्हणून येतात, फाटतात आणि रद्दींत जातात. मनुष्याचा ग्रंथांशीं पहिला परिचय ज्या वस्तूमुळें होतो तिचे गुणदोष पाहण्याचें काम खेळणीं विकणाऱ्या दुकानदारावर सोंपवून आपण मोकळे झालों आहों. ही उपेक्षा योग्य नव्हे असें आम्हांस पूर्वीहि वाटत असे. परंतु गेल्या हिंवाळ्यांतील एका लहानशा प्रसंगानें ती आम्हांस विशेषच जाणवली.

आमचें वास्तव्य नंदुरबारास. हिंवाळा आला म्हणजे ह्या गांवाभोंवतीं मिरचीच्या पथाऱ्या पसरतात आणि शेतेंच्या शेतें तांबडीं दिसूं लागतात. जवळच्या पथारीवर कामास येणाऱ्या एक पावरा बाई दुपारीं पाणी पिण्यासाठीं आमच्या ओटीवर थांबत. त्यांचें गांव वर सातपुड्यांत, धडगांवच्या बाजूचें. बरोबर त्यांचा पांच-सहा वर्षांचा मुलगा असे. त्या दिवशीं आमची चार वर्षांची नात नवें चित्रपुस्तक मांडून बसली होती. पुस्तक देखणें होतें. कागद जाड, रंग उजळ, कोंपरे गोल केलेले. एका पानावर घुबड होतें. त्याच्या नाकावर चष्मा, पंखांत पुस्तक, मागें चंद्र. नातीनें तें पान त्या मुलापुढें सरकविलें. तो बराच वेळ पाहत राहिला, मग त्यानें चष्म्यावर बोट ठेवून आईला आपल्या बोलींत कांहीं विचारलें. बाई हंसल्या. “काय म्हणतो?” असें आम्हीं विचारलें. “बाबा, तो म्हणतो ह्याच्या डोळ्यांना काय झालंय? आमच्या शेताकडं लहान पिंगळा बसतो, भर दिवसा, शेपूट हलवत. त्याला तर सगळं दिसतं.”

आमची नात, जिनें जिवंत घुबड कधींच पाहिलें नव्हतें, ती चष्मा बिनतक्रार मानून बसली होती. ज्यानें पाहिलें होतें त्याला तें चित्र आजारी पक्ष्याचें वाटलें. ह्या दोन मुलांपैकीं पुस्तक कोणासाठीं काढलें होतें? आणि त्यानें कोणाला काय दिलें? आमच्या ह्या लेखाचें मूळ ह्या दोन प्रश्नांत आहे.

त्या मुलानें पाहिलेला पक्षी कोणता हें आम्ही सांगूं शकत नाहीं. नेहमींचा ठिपकेदार पिंगळाहि दिवसां दिसतो. परंतु त्याच्या बोलण्यानें आम्हांस ह्याच जिल्ह्यांतील एका पक्ष्याची कथा आठवली, आणि ती आमच्या विषयाशीं फार जवळची आहे. रानपिंगळा ह्या लहान घुबडाचें शास्त्रीय वर्णन ह्यूम ह्यांनीं १८७३ सालीं केलें. त्यानंतर दहा-बारा वर्षांत त्याचे थोडके नमुने मिळाले. त्यांतील कांहीं खानदेशांत नोकरीस असलेल्या जेम्स डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्यानें जमविलेले होते. १८८४ नंतर मात्र हा पक्षी खात्रीनें कोणास दिसला नाहीं. कर्नल माइनर्टझागेन ह्यांच्या संग्रहांत ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी चिठ्ठी लावलेला एक नमुना होता, आणि त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक पुढें चालले. पुढें असें सिद्ध झालें कीं, तो नमुना मुळांत डेव्हिडसनचाच, ब्रिटिश म्यूझियममधून चोरलेला, नवा पेंढा भरून खोटी चिठ्ठी लावलेला होता. सलीम अलींसारख्यांचेहि प्रयत्न निष्फळ झाले. शेवटीं पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट ह्यांनीं खोटी चिठ्ठी बाजूस सारून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धुंडाळल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं शहाद्याजवळच्या रानांत, एका निष्पर्ण झाडावर, सकाळच्या उन्हांत रानपिंगळा बसलेला त्यांस दिसला. एकशें तेरा वर्षांचा हा वनवास. त्या वेळीं शहादें धुळे जिल्ह्यांत होतें. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला.

हा पक्षी दिवसां वावरतो, दिवसां शिकार करतो आणि शेपटी झटक्यानें हलवितो. त्याच्या डोक्यावर सामान्य पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नसतात. शोधकांनीं तो ओळखला तो अशा बारकाव्यांवरून. कारण संग्रहालयांतील नमुने त्यांनीं डोळ्यांत साठवून ठेवले होते. खोट्या चिठ्ठीनें पक्षी झांकला आणि खऱ्या निरीक्षणानें तो उघडा केला. मुलाच्या हातांतील चित्र हीहि एक चिठ्ठीच होय. मूल ती मनांतील प्राण्यावर चिकटवितें, आणि पुढें खरा प्राणी समोर आला तरी कित्येकदां चिठ्ठीच वाचतें, प्राणी पाहत नाहीं.

आपल्या वाङ्मयांत ह्या चिठ्ठ्या फार जुन्या आहेत. कोमेनियसनें १६५८ सालीं मुलांसाठीं जगाचें सचित्र पुस्तक काढलें, तेव्हां त्याचा हेतु वस्तु दाखवून शब्द शिकविण्याचा होता. त्यांत प्राण्यांचे आवाजहि अक्षरांशीं जोडलेले आहेत. मराठींतील आरंभीच्या मुद्रित बालवाङ्मयांत सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचीं ‘बाळमित्र’ व ‘इसापनीति’ ह्यांसारखीं पुस्तकें येतात, तीं १८२८ च्या सुमारास निघालीं. छत्र्यांचें ऋण मोठें आहे. त्यांची भाषा आजहि वाचावीशी वाटते. पण इसापाबरोबर आपल्याकडे एक अशी रीत आली कीं, प्राण्यानें मुलापुढें यावयाचें तें नीति सांगण्यासाठीं. पंचतंत्र आपलेंच, आणि तेथेंहि प्राणी बोलतात. परंतु तें राजपुत्रांस व्यवहार शिकविणारें शास्त्र आहे, आणि त्यांतील सिंह-कोल्ह्यांस सिंह-कोल्हे म्हणून कोणी पाहत नाहीं. तीन वर्षांचें मूल मात्र कोल्हा पाहण्यासाठींच पान उलटतें.

येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. इसापाचा प्राणी युरोपांतील तांबडा, झुबकेदार शेपटीचा, शेपटीचें टोंक पांढरें असलेला. मराठींत त्याचा ‘कोल्हा’ झाला. आता मराठी शेतकरी ज्यास कोल्हा म्हणतो तो भुरकट, बारीक शेपटीचा, संध्याकाळीं हुकी देणारा प्राणी निराळ्या जातीचा आहे. इसापाच्या प्राण्याचा आपल्याकडील जवळचा आप्त म्हणजे खोंकड. शब्द आपला आणि चित्र परक्याचें, असा हा जोड गेलीं दोनशें वर्षें चालत आला आहे. चित्रकार परदेशीं चित्र पाहून तांबडा रंग भरतो, लेखक खालीं कोल्हा असें लिहितो, आणि मळ्यांत राहणारें मूल मनांतल्या मनांत दोन कोल्हे मानूं लागतें : एक पुस्तकांतला, एक बोरी-बाभळींतला. दुसरा खरा आहे हें त्यास माहीत असतें. पण पहिला शाळेंत चालतो, म्हणून खरेपणाचा मान पहिल्यास मिळतो. आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें कमी प्रतीचें, हा धडा मूल इतक्या कोंवळ्या वयांत घेतें.

अस्वलाची कथा ह्याहून वाईट. चित्रपुस्तकांतील अस्वल तपकिरी, गुबगुबीत, मधाचें मडकें घेतलेलें. सातपुड्यांतील अस्वल काळें, लांब विस्कटलेल्या केंसांचें, छातीवर पांढरट खूण असलेलें, लांबट तोंडानें वारुळांतील वाळवी ओढून खाणारें. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाचीं फुलें गळूं लागलीं म्हणजे तें पहांटे झाडाखालीं येतें, आणि त्याच वेळीं घरचीं माणसें, कित्येकदां मुलेंहि, टोपल्या घेऊन तीं फुलें वेंचावयास येतात. तेथें अस्वल म्हणजे लाडकें खेळणें समजणें धोक्याचें. तळोदें-शहादें भागांत ऊंसाच्या फडांत वावरणाऱ्या बिबट्यासहि हेंच लागू. आम्ही मुलांस भिवविणारीं चित्रें मागत नाहीं. पण ह्या अस्वलाची एक गोष्ट अशी आहे कीं, कोणत्याहि चित्रकारास तिचा मोह पडावा : मादी आपलीं पिल्लें पाठीवरच्या लांब केंसांत बसवून रानांतून चालते. पाठीवर दोन पिल्लें घेतलेली काळी आई! ह्याहून गोड पान मधाच्या मडक्यानें कधीं साधलें आहे काय? खऱ्याकडे पाठ फिरवून आपण गोडव्यालाहि मुकलों आहों.

ह्यावर कोणी म्हणेल, “मुलांस कल्पना प्रिय असते, प्राणिशास्त्र नव्हे.” आक्षेप योग्य आहे आणि त्याचा विचार केला पाहिजे. टोरांटो विद्यापीठांतील पॅट्रिशिया गानिआ व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या विषयावर प्रयोग केले आहेत. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, माणसांसारखे बोलणारे-वागणारे प्राणी असलेलीं पुस्तकें ऐकल्यावर मुलें खऱ्या प्राण्यांविषयींची माहिती कमी उचलतात आणि माणसाचे गुण त्यांस अधिक चिकटवितात. २०१७ मधील दुसऱ्या अभ्यासांत चार ते सहा वर्षांच्या मुलांस वांटून घेण्याची एक गोष्ट दोन प्रकारें ऐकविली. एकींत माणसें, दुसरींत कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेलीं मुलें नंतर अधिक वांटून देऊं लागलीं, प्राण्यांची ऐकलेलीं नाहीं. ज्या नीतीसाठीं आपण प्राण्यास राबविलें ती नीतिहि पदरांत पडत नसेल तर हा व्यवहार दोन्हीकडून तोट्याचा झाला. तथापि थोड्या मुलांवरील दोन प्रयोगांनीं इसापास हद्दपार करावें असें आम्ही म्हणत नाहीं. प्रयोगानें मोजतां येतें तें मोजलें जातें. सशाच्या फजितीनें मूल खदखदून हंसलें ह्याची नोंद त्यांत नसते.

आणि कल्पनेचा व सत्याचा तंटा आहे असें मानणेंच चूक आहे. बीट्रिक्स पॉटर ह्या इंग्रज बाईंचें ‘पीटर रॅबिट’ पाहा. १९०१ सालीं कोणी प्रकाशक घेईना म्हणून त्यांनीं अडीचशें प्रती स्वतः छापविल्या; १९०२ सालीं तें रीतसर प्रसिद्ध झालें. त्यांतील ससा निळा कोट घालतो. पण कोट काढून पळूं लागला कीं तो पुरता ससा होतो. त्याचे मागचे पाय, कान मागें पडण्याची ढब, भेदरलेल्या पाठीचा बांक, सर्व कांहीं अस्सल. बाईंनीं घरीं ससे पाळले होते, त्यांची वर्षानुवर्षें चित्रें काढलीं होतीं. पुस्तक लहान हातांत मावेल एवढेंच असावें आणि किंमत एक शिलिंग असावी असाहि त्यांचा आग्रह होता. म्हणजे कोट कल्पनेचा, ससा निरीक्षणाचा आणि आकार मुलाच्या तळहाताचा. आपल्याकडील चष्मेवाल्या घुबडांत कोट तेवढा घेतला, ससा राहिला.

एरिक कार्ल ह्यांचें १९६९ सालचें भुकेल्या सुरवंटाचें पुस्तक जगभर गाजलें, आणि तें योग्यच झालें. पानांना खरोखरचीं भोंकें आहेत. सुरवंट फळ पोखरून गेला हें मुलाचें बोट आंत घालून कळतें. चित्र, शब्द आणि कागद ह्यांनीं मिळून एकच गोष्ट सांगावी ती अशी. परंतु त्यांत दोन गोष्टी खटकतात. सुरवंट शनिवारीं जें खातो तें विलायती फराळाचें ताट आहे. आपल्या मुलास त्यांतील कित्येक पदार्थांचीं नांवें म्हणजे केवळ ध्वनि. दुसरी अधिक महत्त्वाची : फुलपांखरूं ज्यांतून निघतें तें आवरण रेशमी कोसला नसतें, कोसला पतंगाचा. कार्ल ह्यांनीं लिहिलें आणि रंगविलें तें कोसल्याप्रमाणें. मराठींत ‘कोश’ हा शब्द दोहोंस चालतो, त्यामुळें भाषांतरांत शब्दाची चूक आपोआप झांकली जाते; चित्राची तशीच राहते. भाषांतरकारानें कितीहि काळजी घेतली तरी चित्राचें भाषांतर होत नाहीं, हें ह्यावरून दिसेल. आणि परकीय चित्रांखालीं मराठी मजकूर छापून बालवाङ्मय वाढविणाऱ्यांनीं तें ध्यानांत ठेवावें.

आता स्वदेशाकडे वळूं. मराठींत ह्या क्षेत्रांत माधुरी पुरंदरे ह्यांचें कार्य पहिल्या पंक्तीचें आहे. त्या स्वतः चित्रकार आहेत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत व पुढें पॅरिसांत त्यांचें शिक्षण झालें. आपल्या पुस्तकांचीं चित्रें त्या बहुधा स्वतःच काढतात, म्हणून शब्द एक बोलतो आणि चित्र दुसरें, असें होत नाहीं. २०१४ सालीं साहित्य अकादमीनें त्यांस बालसाहित्य पुरस्कार दिला. त्यांच्या ‘चित्रवाचन’ ह्या पुस्तकाचें नांवच एक सिद्धान्त सांगतें : चित्र हें वाचावयाचें असतें, केवळ ओळखावयाचें नसतें. त्यांच्या चित्रांत मांजर कोंपऱ्यांत आपल्या कामांत असतें. कथा त्याची नसली तरी तें तेथें असतें, घरांत असतें तसें. मुलाचा डोळा प्रथम त्याच्यावर जातो. मोठ्या माणसास जें गौण वाटतें त्यास मान देणें, हें बालचित्रकाराचें मुख्य लक्षण आहे असें आम्ही समजतों.

पण सत्य म्हणजे हुबेहूबपणा नव्हे, हें दाखविण्यास आम्ही मध्यप्रदेशांतील गोंड चित्रकारांकडे बोट करूं. चेन्नईच्या तारा बुक्सनें २००६ सालीं भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उरवेती ह्यांचें झाडांच्या रात्रींच्या जीवनाविषयींचें पुस्तक काढलें. काळ्या हातकागदावर, हातानें छापलेलें. त्यांतील जनावरें व झाडें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. असें हरिण कोणी रानांत पाहिलें नसेल. पण ज्यानें हरिण पाहिलें नाहीं त्याला तें काढतांहि आलें नसतें. त्याच भज्जू श्याम ह्यांचें २००४ सालचें लंडनचें पुस्तक तर आमच्या विषयास फारच उपकारक आहे. लंडनास भिंती रंगवावयास गेलेल्या ह्या पाटणगढच्या चित्रकारानें त्या शहराचें प्राणिचित्र काढलें : भुयारी आगगाडी म्हणजे गांडूळ, इमानी बस म्हणजे कुत्रा, वेळ सांगणारें मोठें घड्याळ म्हणजे कोंबडा. इसापाच्या पुस्तकांत प्राण्यांस माणसें बनविलें जातें. येथें माणसांच्या यंत्रांस प्राणी बनविलें, आणि तेंहि प्राण्यांच्या खऱ्या स्वभावावरून. कल्पना आणि निरीक्षण ह्यांचा विवाह लागतो तो असा.

आमच्या जिल्ह्यांत अशी दृष्टि नाहीं असें कोण म्हणेल? नवापूरकडे व लगतच्या डांगांत वाघदेवाचे लांकडी खांब उभे असतात. त्यांवर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले. चार-सहा रेषांत कोरलेला तो वाघ पुस्तकांतल्या हंसऱ्या वाघापेक्षां शतपट वाघ आहे, कारण तो भीतीनें व आदरानें पाहून कोरलेला आहे. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें आम्हीं नातीस नेलें होतें. तिनें घरीं येऊन काढलेल्या घोड्यास तोंड नव्हतें, पाय पांच होते, पण कान मात्र काळजीपूर्वक मागें वळविलेले होते. एक घोडा रागावून कान पाडतो हें तिनें पाहिलें होतें. तिच्या पुस्तकांतला घोडा दांत दाखवून हंसतो. घोडा आपलें मन कानांनीं सांगतो हें चार वर्षांच्या मुलीस एका दुपारींत कळलें, आणि त्या चित्रकारास कळलें नाहीं, कारण त्यानें घोडा पाहून चित्र काढलें नाहीं, चित्र पाहून चित्र काढलें.

पुस्तकाइतकेंच तें दाखविणाऱ्यावरहि अवलंबून असतें. पुष्कळ घरीं चित्रपुस्तक उघडलें कीं परीक्षा सुरू होते : हें काय? हत्ती. हें काय? वाघ. शाब्बास. आणि पान उलटलें. मुलानें काय पाहिलें हें कोणी विचारीत नाहीं. त्याला काय येतें एवढेंच विचारलें जातें. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत कांहीं आयांस मोकळे प्रश्न विचारावयास व मुलाच्या उत्तरांत भर घालावयास शिकविलें. महिन्याभरानें त्या मुलांचें बोलणें इतरांच्या पुढें गेलेलें आढळलें. ह्यासाठीं फारसें पांडित्य लागत नाहीं. पान मुलानें उलटावें, आपण थांबावें, ‘मग?’ एवढें म्हणावें. आणि तेंच पुस्तक अकराव्या वेळीं मागितलें तर तें अकराव्या वेळीं उघडावें. त्या अकराव्या वेळींच मुलास कोंपऱ्यांतलें मांजर दिसतें.

आणि येथेंच आमच्या जिल्ह्याचा अगदीं स्वतःचा प्रश्न उभा राहतो. २०११ च्या गणनेप्रमाणें ह्या जिल्ह्याच्या दर शंभर माणसांपैकीं एकूणसत्तर अनुसूचित जमातींचीं आहेत. घरीं भिली, पावरी, मावची, कोंकणी ह्या बोली. शाळेंत प्रमाण मराठी. पहिलीच्या पुस्तकांत मजकुराची भिंत मुलास आडवी येते. चित्रास मात्र भाषा नाहीं. चित्रपुस्तक ही एकच जागा अशी आहे कीं, जेथें शिक्षक मराठींत, मूल पावरींत आणि पिंगळा आपल्या डोळ्यांनीं बोलूं शकतो. परंतु ती जागाहि आपण चष्मा, कोट आणि मधाच्या मडक्यांनीं भरून टाकली, तर मुलाजवळ जें ज्ञान आहे तें त्यानें कोठें मांडावें? आमच्या ओटीवर त्या दुपारीं तो मुलगा गुरु होता आणि आम्ही शिष्य. पण पुस्तकाची रचना अशी होती कीं, त्यानें अडाणी ठरावें.

ह्यावर उपाय अशक्य कोटींतला नाहीं. प्रथम बुक्स ह्या संस्थेनें २०१४ सालीं ओडिशांतील मुंडा, कुई, सौरा व जुआंग ह्या भाषांत मुलांचीं पुस्तकें काढलीं. कथा त्या त्या समाजांतील लोकांनीं लिहिल्या आणि चित्रें सौरा भिंतिचित्रांच्या धर्तीवर काढलीं. जें सौरा भाषेंत होऊं शकतें तें पावरींत होण्यास अडचण कसली? आम्ही आमची मागणी स्पष्ट शब्दांत मांडतों. सातपुड्याच्या प्राण्यांचें एक चित्रपुस्तक हवें. त्यांत दिवसां उन्हांत बसलेला रानपिंगळा असावा, पिल्लें पाठीवर घेतलेलें काळें अस्वल असावें, ऊंसांतला बिबट्या असावा आणि त्यापासून दूर राहण्याचें शहाणपण चित्रांतच असावें. भुरकट कोल्हा असावा, त्याच्या शेजारीं खोंकड असावें, आणि दोघांचीं नांवें दोन असावींत. प्रत्येक चित्राखालीं प्राण्याचें नांव मराठींत आणि निदान दोन-तीन बोलींत असावें, म्हणजे वर्गांतल्या एका तरी मुलास तें पान आपलें वाटेल आणि बाकीच्यांस त्याच्याकडून शब्द घ्यावा लागेल. चित्रकार येथील असावा. नसल्यास त्यानें निदान एक हिंवाळा आणि एक मोहाचा मोसम येथें काढावा. प्रत लहान हातांत मावावी, आणि पथारीवर कामास येणाऱ्या आईस ती घेतां यावी अशी तिची किंमत असावी. ह्या शेवटच्या अटीवर पुष्कळ चांगले संकल्प अडतात हें आम्ही जाणतों. तारा बुक्सचें हातकागदाचें पुस्तक कितीहि सुंदर असलें तरी तें पथारीवर पोंचणार नाहीं. म्हणूनच ह्या कामीं केवळ कलाप्रेमी प्रकाशक पुरे पडणार नाहीं. पाठ्यपुस्तकें छापणाऱ्या सरकारी यंत्रणेनें व ग्रंथालयांनीं त्यांत भार उचलला पाहिजे.

समीक्षकाचेंहि ह्यांत कर्तव्य आहे. चष्मेवाल्या घुबडाचें पुस्तक देखणें होतें हें आम्हीं वर म्हटलेंच आहे, आणि देखणेपण ही लहान गोष्ट नव्हे. रंग न आवडलेलें पुस्तक मूल हातांत धरीत नाहीं. परंतु सुंदर पुस्तकाची चूक कुरूप पुस्तकाच्या चुकीहून अधिक खोल जाते, कारण तें पुन्हां पुन्हां उघडलें जातें. ‘मुलांसाठीं आहे, चालेल’ ह्या सबबीखालीं जें जें खपविलें जातें त्यास आपण एका कादंबरीस लावतों तेवढी तरी कसोटी लावावी.

तें पुस्तक अजून आमच्या घरीं आहे. नात तें आवडीनें उघडते आणि आम्हीं तें काढून घेतलेलें नाहीं. मिरचीचा हंगाम सरला, पथाऱ्या उठल्या, आणि तीं मायलेंकरें आपल्या गांवीं गेलीं. मात्र घुबडाचें पान आलें कीं नात आतां बोट चष्म्यावर ठेवते आणि विचारते, “आजोबा, हा ह्याला कोणी घातला?”